थायलंडची बेटं, बस आणि बोट : या चुका टाळा

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. सकाळी सहाला मी आणि माझा धाकटा भाऊ को ताओ बेटाच्या मे हाट धक्क्यावर पाठीला सॅक लावून उभे होतो. तिकीट खिडकीबाहेरच्या पांढऱ्या फळ्यावर दिवसभराच्या सगळ्या बोटींच्या वेळांवरून एकच तिरकी रेघ ओढलेली होती. वारा असा, की रेनकोटची टोपी डोक्यावर टिकेना. दोन दिवस एकही बोट सुटली नाही आणि आमचं बँकॉक-मुंबई विमान आम्हाला न घेताच गेलं.

त्यानंतर मी त्या बाजूला तीनदा गेले आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांचे बेत आखून दिले. माझं मत आता पक्कं झालंय. किनाऱ्यावर पोहोचलेल्या माणसाचं सहसा काही बिघडत नाही. बिघडतं ते जोडावर: बस संपून बोट सुरू होते तिथे, एका धक्क्यावरून दुसऱ्या धक्क्यावर जाताना, शेवटचं बेट आणि विमान यांच्या मधल्या दिवशी. म्हणून खालच्या बहुतेक चुका जोडावरच्याच आहेत.

पावसाची बाजू न बघणं

"थायलंडला नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जावं" हे आम्ही दहा जणांकडून ऐकलं होतं. बँकॉक, चियांग माय, फुकेत यांच्यासाठी ते बरोबरही आहे. पण थायलंडचा दक्षिणेकडचा चिंचोळा पट्टा दोन समुद्रांच्या मध्ये आहे. पश्चिमेला अंदमान समुद्र, त्यात फुकेत, फी फी, को लांता, को लिपे. पूर्वेला थायलंडचं आखात, त्यात को सामुई, को फांगान, को ताओ. नकाशावर या दोन बाजू हातभर अंतरावर दिसतात, पण त्यांचा पावसाळा एक नाही.

आपल्याला हे समजायला खरं तर सोपं आहे. कोकणात पाऊस आणणारा नैऋत्य मोसमी वाराच मे ते ऑक्टोबर अंदमान बाजूला झोडपतो. तो सरला की ईशान्य मोसमी सुरू होतो, जो ऑक्टोबर ते डिसेंबर चेन्नईला भिजवतो. आखातातल्या सामुई, फांगान, ताओ या बेटांवर मुख्य पाऊस तेव्हा पडतो, आणि नोव्हेंबर त्यातला सगळ्यात वाईट महिना.

आता आपल्या सुट्ट्या यावर लावून बघा. दिवाळीत निघणार असाल तर सामुई-फांगान-ताओ टाळा. दिवाळी नोव्हेंबरात असेल तर अंदमान बाजू तेव्हा उघडू लागलेली असते, तिकडे जा. नाताळात तर अंदमान बाजूसारखं सुख नाही. मे महिन्याच्या सुट्टीत उलट करा, आखात धरा. एक अपवाद लक्षात ठेवा: कंबोडियाच्या सीमेजवळचं को चांग हेही आखातातच आहे, पण त्याचा पावसाळा आपल्यासारखाच मे ते ऑक्टोबर.

काही ठिकाणं तर कुलूप लावल्यासारखी बंद असतात. सिमिलान बेटांचं राष्ट्रीय उद्यान साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद. फी फीजवळची माया बे प्रवाळाला उसंत मिळावी म्हणून २०१८ मध्ये बंद केली होती. ती जानेवारी २०२२ मध्ये उघडली, तरी दर वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुन्हा बंद ठेवतात. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याची लाँच सुटत नाही हे आपण मुकाट मान्य करतो. तिथेही तसंच मान्य करावं.

शेवटच्या बेटावरून थेट विमानतळ

सकाळची बोट, दुपारची बस, रात्रीचं विमान. कागदावर हे जमतं. पण बोट दोन तास उशिरा सुटली की पुढचं सगळं कोसळतं. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री तुम्ही बँकॉकमध्येच असायला हवं, आणि वारा-पावसाचे महिने असतील तर दोन रात्री हातात ठेवा. त्या रात्रीचं खोलीभाडं हा मला सगळ्या सहलीतला सगळ्यात शहाणा खर्च वाटतो.

तरीही बोट रद्द झालीच, तर आधी तिकीट खिडकीवर जाऊन पुढच्या चालू बोटीसाठी नाव लिहून घ्या आणि जुनं तिकीट अजिबात टाकू नका. लगेच खोलीवाल्याला एक दिवस वाढवायला सांगा, कारण तासाभरात सगळं बेट तेच करणार असतं. सामुई आणि फांगानहून मुख्य भूमीवरच्या दोनसाक धक्क्याला गाड्या वाहून नेणाऱ्या मोठ्या फेरीबोटी जातात. वेगवान कॅटामरान बोटी बंद असतानाही त्या कधीकधी चालू असतात, तेव्हा त्यांची चौकशी करा. सामुईला विमानतळही आहे. आणि धक्क्यावर कुणी "माझी छोटी बोट आहे, सोडतो" म्हणत जवळ आला तर नको म्हणा. मोठ्या बोटीवाल्यांनी ज्या समुद्रात बोट घालायची नाही असं ठरवलंय, तिथे छोट्या बोटीचं काय होईल?

नावात फसणं

को फांगान हे आखातातलं बेट. फांग-ङा हा अंदमान बाजूचा प्रांत. घाईत तिकीट काढताना या दोन नावांत गफलत होते. को चांग नावाची बेटंही दोन आहेत, एक त्रात प्रांतात आणि दुसरं रानोंगजवळ. "को" म्हणजे बेट, "हाट" म्हणजे पुळण, "आओ" म्हणजे उपसागर. एवढे तीन शब्द आले तरी पाट्या बोलू लागतात.

सगळ्यात जास्त गोंधळ सुरात थानीला होतो. या नावाचा आपल्याशी संबंध आहे: थायलंडच्या राजा वजिरावुधने १९१५ साली गुजरातच्या सुरतेवरून या गावाला नाव दिलं आणि तिथल्या नदीचं नाव ठेवलं तापी. खानदेशातल्या माणसाला तिथे उतरल्यावर काय वाटत असेल! पण गाव, स्टेशन आणि धक्का एका ठिकाणी नाहीत. रेल्वे स्टेशन गावापासून दहा-बारा किलोमीटरवर फुनफिनला. फेरीबोटींचा दोनसाक धक्का साधारण ७० किलोमीटर लांब, समुद्राकाठी. रात्रीची संथ बोट मात्र गावातूनच, तापीकाठच्या बान दोन धक्क्यावरून सुटते. "सुरात थानीहून बोट" एवढं वाचून खोली घेऊ नका, धक्क्याचं नाव विचारा. सामुईवरही धक्के चार-पाच आहेत. नाथोन एका टोकाला, बांगराक दुसऱ्या.

बँकॉकमध्येही असंच. दक्षिणेकडच्या सरकारी बस साय ताय माय स्थानकातून सुटतात, मो चितहून बहुतेक उत्तरेच्या. आणि दक्षिणेच्या लांब पल्ल्याच्या रेल्वेगाड्या जानेवारी २०२३ पासून जुन्या हुआ लाम्फोंगहून न सुटता क्रुंग थेप आफिवात या नव्या स्टेशनातून सुटतात. जुनी माहिती वाचून गेलेली माणसं अजून जुन्या स्टेशनात पोहोचतात.

जोडतिकीट आणि शर्टावरचा स्टिकर

बस आणि बोटीचं एकत्र तिकीट मिळतं. ते काढावंच, कारण बस उशिरा आली तर पुढच्या बोटीत बसवणं हे तिकीट देणाऱ्या कंपनीचं काम होतं. वेगवेगळी तिकिटं काढलीत तर ते तुमच्या गळ्यात पडतं.

पण पद्धत समजून घ्या. पहाटे मुख्य भूमीवरच्या चुम्फोन गावाच्या धक्क्यावर बस थांबते आणि झोपेत असलेल्या माणसांची टेबलासमोर रांग लागते. तिकिटाचा एक तुकडा फाडून घेतात, एक तुम्हाला परत देतात आणि शर्टावर रंगीत गोल स्टिकर लावतात. ताओचा एक रंग, फांगानचा दुसरा, सामुईचा तिसरा. बोट एकच असते, ती तिन्ही बेटांवर थांबत जाते. आमच्या शेजारच्या एका मुलीचा स्टिकर जॅकेटवर होता. उकडायला लागलं म्हणून तिने जॅकेट सॅकमध्ये टाकलं, आणि उतरताना पंधरा मिनिटं तिला कुणाला काही समजावता येईना. स्टिकर आतल्या टी-शर्टवर लावा. परत मिळालेला तुकडा फोनच्या कव्हरमागे ठेवा आणि त्याचा फोटो काढा.

तिकिटावरचं वर्ष बघून घाबरू नका. थाई पंचांग बुद्धसंवताचं, इसवी सनात ५४३ मिळवायचे. २०२६ म्हणजे तिथे २५६९.

सामान बसच्या पोटात

पर्यटकांच्या रात्रीच्या बसमध्ये मोठी सॅक खाली ठेवावी लागते. माझ्या दुसऱ्या फेरीत एका खासगी बसच्या डिकीतून माझ्या सॅकच्या वरच्या कप्प्यातला कॅमेऱ्याचा चार्जर आणि थोडे बाट (थाई चलन) गेले. चेन नीट लावून ठेवलेली होती, म्हणून मला हे दुसऱ्या दिवशी बेटावर कळलं. तेव्हापासून पासपोर्ट, पैसे, औषधं, चार्जर असं सगळं छोट्या पिशवीत, आणि ती पिशवी सीटवर पट्टा पायाला गुंडाळून. शालही वरच ठेवा. त्या बसमधला एसी रात्रभर अंगावर काटा आणतो.

बोटीवर सामानाचा डेकवर ढीग होतो आणि सगळ्या सॅक काळ्याच असतात. सॅकला घरून एखादी भडक ओढणीची चिंधी बांधून न्या. आणि सॅकच्या आत जाड प्लास्टिकची पिशवी हवीच, लाटेचं पाणी डेकवर येतं.

बोट लागणं

घाटात बस लागते त्यांनी हे गंभीरपणे घ्यावं. गोळी बोटीत बसल्यावर घेऊन काही होत नाही, सुटण्याआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते. कुठली घ्यायची ते डॉक्टरांना निघण्याआधीच विचारा. पोट रिकामंही नको, ठासून भरलेलंही नको. जागा खालच्या मजल्यावर, मधोमध किंवा थोडी मागे. पुढच्या खिडकीची जागा सगळे धावत पकडतात आणि सगळ्यात जास्त दणके तिथेच बसतात. फोन आत ठेवून क्षितिजाकडे बघत राहा. मी आलेपाक सोबत नेते, आणि तो शेजाऱ्यांना वाटूनच संपतो.

स्कूटर

इथे मला हात जोडून सांगायचंय. थोंग सालाहून हाट रिनला जाणारा फांगानचा रस्ता अतिशय तीव्र चढ-उतारांचा आहे. गुडघ्यांना, कोपरांना पट्ट्या बांधलेली मुलं तिथे रोज दिसतात. आरटीओकडून दुचाकीची नोंद असलेला आंतरराष्ट्रीय परवाना निघण्याआधी काढा, तो एक वर्ष चालतो. तो नसेल तर अपघातात प्रवास विमा हात वर करतो, आणि खासगी रुग्णालयाचं बिल मग घरच्यांवर येतं. हेल्मेट घालाच. घेताना स्कूटरचा सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढा आणि पासपोर्ट तारण म्हणून कधीच ठेवू नका, त्याऐवजी रोख अनामत द्या. घरी कधी स्कूटर चालवली नसेल तर त्या बेटावर शिकू नका. पिकअपची शेअर टॅक्सी मिळते.

पैसे, कागद, सीमा

परदेशी कार्डावर एटीएम प्रत्येक वेळी २२० बाटच्या आसपास कापतं, तेव्हा थोडे थोडे काढू नका. मशीन "रुपयांत बदलून देऊ का?" विचारतं, त्याला नाही म्हणा.

थायलंड डिजिटल अरायव्हल कार्ड १ मे २०२५ पासून सक्तीचं आहे. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं आणि ते पूर्ण मोफत आहे. पैसे मागणारी साईट दिसली की बंद करा. व्हिसाचे नियम बदलत राहतात, ते थाई दूतावासाच्या साईटवर निघण्याच्या आठवड्यात बघा.

को लिपेहून मलेशियाच्या लंकावीला बोट जाते, पण फक्त हंगामात. तिथे घड्याळ एक तास पुढे असतं, फोनने बदललं नाही तर पुढची बस चुकते. थायलंड सोडल्याचा शिक्का पासपोर्टवर बसला का, हे खिडकी सोडण्याआधी उघडून बघा.

शाकाहारी आहे म्हणून सांगणं

"नो मीट" म्हटलं की मांस काढतात, पण माशांचा नाम प्ला सॉस राहतो. कच्च्या पपईच्या सोम तामातही तो असतो, बहुधा सुकी कोळंबीही. "माय साय नाम प्ला" म्हणजे माशांचा सॉस घालू नका. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरं दिसली की ते "जे" जेवण: मांस, अंडी, दूध नाही, कांदा-लसूणही नाही. जैन मित्रांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा उजळतो.

पाण्यात

लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरायचं नाही, घोट्यापर्यंतही. सामुई-फांगानच्या काही पुळणींवर व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेले खांब असतात, ते बॉक्स जेलीफिशच्या दंशासाठी. दंश झाला तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. व्हिनेगर भरपूर ओता आणि लगेच मदतीला हाका मारा. आल्या आल्या खांब कुठे आहे ते बघून ठेवा.

राष्ट्रीय उद्यानांत प्रवाळाला घातक रसायनांची सनस्क्रीन २०२१ पासून बंद आहेत. त्यात ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्झेट येतात, आणि दंड १ लाख बाटपर्यंत होऊ शकतो. घरची बाटली उलटी करून वाचा, किंवा सरळ पूर्ण बाह्यांचा स्विमिंगचा टी-शर्ट घाला.

को ताओला स्कूबा शिकणार असाल तर शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास विमानात बसायचं नसतं, बरेच शिक्षक २४ सांगतात. म्हणजे बँकॉकमधली ती एक मोकळी रात्र इथेही लागतेच.