शतपावली, पण शंभर पावलांची नाही

शंभर पावलं म्हणजे जेमतेम 70 मीटर, मिनिटभरात संपतात. जेवणानंतर रक्तातली साखर चढते ती साधारण पहिल्या तासात, आणि पायांचे स्नायू चालताना तीच साखर वापरतात. म्हणून ताट घासायला टाकलं की थेट चपला घालाव्यात. ‘जरा टेकतो’ म्हणून सोफ्यावर बसलं, की संपलंच.

पहिला आठवडा 5 मिनिटं पुरेत. मग दर आठवड्याला 2-3 मिनिटं वाढवत 15 पर्यंत जावं. वेग इतकाच, की गप्पा मारता याव्यात. भरल्या पोटी भरभर चाललं की कुशीत कळ येते, आंबट ढेकर येतात. मग लोक चालण्यालाच दोष देतात!

पुण्यात खरी अडचण फुटपाथची. त्यावर गाड्या लावलेल्या, फरशा उखडलेल्या. पेठेत राहणाऱ्यांनी आतली गल्ली धरावी, सोसायटीवाल्यांनी पार्किंगमध्ये फेऱ्या माराव्यात. पावसाळ्यात घरातला पॅसेजही चालतो.

इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर चालताना फार खाली जाऊ शकते, म्हणून त्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवावी. घाम सुटला, हात थरथरले, तर तिथेच थांबून ती खावी.