स्टेजसाठी २०० वॉटचा व्हॉल्व्ह ॲम्प बांधायचा असेल तर

मोठा व्हॉल्व्ह ॲम्प, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा ॲम्प्लिफायर, बांधायचं मनात घेऊन कुणी नवीन मुलगा भेटला की त्याचा पहिला प्रश्न व्हॉल्व्हचा असतो. केटी८८ घेऊ की ६५५०? रशियन घेऊ की स्लोव्हाकियातल्या जेजे कंपनीचे? मी त्याला उलट विचारतो, ट्रान्सफॉर्मर कोण गुंडाळून देणार आहे? व्हॉल्व्ह उद्या बदलता येतात, सर्किटमधला रेझिस्टर पाच मिनिटांत बदलतो. व्हॉल्व्हची ताकद स्पीकरपर्यंत नेणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर चुकला तर मात्र तो ॲम्प स्टेजवर कधीच नीट वाजत नाही.

मी बांधतो ते बास गिटारचे ॲम्प. चार केटी८८, साधारण २०० वॉट. गणपतीतले कार्यक्रम, कॉलेजचं गॅदरिंग, मोकळ्या मैदानावरचे ऑर्केस्ट्रा यांत वाजवणाऱ्यांसाठी. गिटारवाल्याला एवढ्या ताकदीची आता गरज नाही. ॲम्पसमोर माइक लावतात, ३०-५० वॉट पुरतात. बासचं तसं नाही. खालच्या सुरांना ताकद लागते आणि जोरात वाजवल्यावर सूर फाटून चालत नाही. म्हणूनच १९६९ साली अँपेग कंपनीने एसव्हीटी हा बास ॲम्प काढला तो थेट ३०० वॉटचा. त्याच वर्षी अमेरिकेतल्या वुडस्टॉक संगीत महोत्सवाच्या मैदानात लाखोंच्या गर्दीपर्यंत आवाज पोचवायला मॅकिंटॉश कंपनीचे ३५० वॉटचे व्हॉल्व्ह ॲम्प होते. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: १०० वॉटचे २०० केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. एवढाच फरक जास्त सेन्सिटिव्ह, म्हणजे तेवढ्याच वॉटला जास्त आवाज देणारा, स्पीकर घेऊनही मिळतो, आणि पुष्कळदा स्वस्तात. हे हिशेब मांडूनही २०० वॉट हवेच असतील तरच पुढे जा.

आता ट्रान्सफॉर्मर. केटी८८च्या दोन जोड्या, एचटी (व्हॉल्व्हच्या प्लेटला लागणारा उच्च व्होल्टेज) ५६० व्होल्ट, म्हणजे प्लेट टू प्लेट सव्वादोन किलोओमच्या आसपासची प्रायमरी (व्हॉल्व्हकडची गुंडाळी; स्पीकरकडची ती सेकंडरी). इथपर्यंतचं डेटाशीटमध्ये मिळतं. खरा प्रश्न कोअरचा, म्हणजे आतल्या लोखंडी गाभ्याचा. गिटारची सर्वात जाड तार ८२ हर्ट्झला वाजते, बासची ४१ला. तेवढाच व्होल्टेज निम्म्या फ्रीक्वेन्सीला दिला तर कोअरमधला चुंबकीय फ्लक्स दुप्पट होतो. त्यामुळे २०० वॉटच्या गिटार ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर उचलून बासला लावला की खालचा सूर येताच कोअर सॅच्युरेट होते (आणखी फ्लक्स पेलू शकत नाही), आवाज चिरका होतो आणि व्हॉल्व्हवर ताण येतो. पुण्यात माझे ट्रान्सफॉर्मर करून देणारे काका पहिल्याच भेटीत म्हणाले होते, "कोअर बारीक घेतलीस तर बास तीच गिळून टाकेल." ते सीआरजीओ स्टॅम्पिंग, म्हणजे ट्रान्सफॉर्मरसाठीच्या खास सिलिकॉन पोलादाच्या पट्ट्या, वापरतात आणि प्रायमरी-सेकंडरी सलग न गुंडाळता थरांत वाटून घेतात, म्हणजे वरचे सूरही स्वच्छ येतात. असा माणूस शोधा, त्याच्याकडे बसून एक बॉबिन गुंडाळताना पाहा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सुटे भाग मिळतील, पण तयार मिळणारा ट्रान्सफॉर्मर क्वचितच तुमच्या कामाचा असतो. परदेशातून मागवणार असाल तर पॉवर ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झसाठी आहे ना, ते बघा. फक्त ६० हर्ट्झसाठी काढलेला आपल्याकडे तापतो.

सप्लायबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण जीव जातो तो इथे. ५६० व्होल्ट ही भरल्या लोडवरची एचटी. व्हॉल्व्ह गरम होण्याआधी ती ६०० किंवा वरही जाते. ३५० व्होल्टचे २२० मायक्रोफॅरॅडचे दोन कपॅसिटर सिरीजमध्ये घ्या आणि प्रत्येकावर २२० किलोओम, २ वॉटचा रेझिस्टर टाका. तो दोन कामं करतो: व्होल्टेज समान वाटतो आणि ॲम्प बंद केल्यावर चार्ज उतरवतो. व्हॉल्व्ह काढलेले असतील तर ६०० व्होल्टवरून ५०च्या खाली यायला दोन मिनिटं लागतात. मीटरची एक टोक-क्लिप चेसिसला (ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याला) लावून ठेवा, दुसऱ्या हाताने प्रोब धरण्याऐवजी तो हात खिशात ठेवा, आणि एकाच हाताने मोजा. रेझिस्टर आहे म्हणून चार्ज उतरला असेल असं गृहीत धरू नका, तो रेझिस्टरही जळू शकतो. खोलीत दुसरं माणूस असल्याशिवाय उघड्या ॲम्पला वीज देऊ नका.

बायसची एक खुबी सांगतो. बायस म्हणजे व्हॉल्व्हच्या ग्रिडला दिलेला उणे व्होल्टेज, व्हॉल्व्हमधला करंट तोच आवरतो. केटी८८च्या ग्रिडला या एचटीवर उणे ७०-७५ व्होल्टच्या आसपास लागतात. ते जुळवायला ट्रिमर, म्हणजे फिरवून बदलता येणारा छोटा रेझिस्टर, असतो, आणि ट्रिमरचा सरकता पाय कधी ना कधी धूळ खातो. त्याचा स्पर्श तुटला की ग्रिडचं बायस जातं, प्लेट लाल होते आणि काही सेकंदांत व्हॉल्व्ह संपतो. म्हणून सर्किट असं मांडा की ट्रिमरचा पाय तुटला तर ग्रिडला सर्वात जास्त उणे व्होल्टेज जाईल. व्हॉल्व्ह बंद पडेल, आवाज बसेल, पण काही जळणार नाही. प्रत्येक कॅथोडखाली १ ओमचा रेझिस्टर टाका. त्यावर ४० मिलिव्होल्ट दिसले की ४० मिलिअँपिअर करंट, सरळ हिशेब. चारही व्हॉल्व्ह वेगवेगळे जुळवता यावेत म्हणून चार ट्रिमर घ्या.

पहिल्यांदा वीज देताना सिरीज बोर्ड वापरा. आधी व्हॉल्व्ह न लावता, १०० वॉटचा बल्ब सिरीजमध्ये. बल्ब क्षणभर उजळतो आणि मंद होतो, तर ठीक. तसाच लख्ख राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, बंद करा. मग बायसचा व्होल्टेज ग्रिडच्या पिनांपर्यंत पोचतोय का ते मोजा आणि त्यानंतरच व्हॉल्व्ह लावा. चार केटी८८ची नुसती हीटरच ४० वॉट खातात, तेव्हा व्हॉल्व्ह लावल्यावर बल्ब पूर्ण विझणार नाही, घाबरू नका. आणि आउटपुटला लोड जोडल्याशिवाय सिग्नल कधीही देऊ नका. प्रायमरीत उलटा व्होल्टेज उसळतो आणि इन्सुलेशन फुटतं.

स्टेजचे प्रश्न बेंचवर दिसत नाहीत. गावाबाहेरच्या कार्यक्रमाला जनरेटर असतो आणि तो २३० देईलच असं नाही. २५० आले तर तुमचे ५६० व्होल्ट ६०९ होतात आणि हीटर ६.३ व्होल्टवरून ६.८५ला जातं. २००ला आले तर हीटर साडेपाचवर येतं, कॅथोड नीट तापत नाही, आणि तसंच जोरात वाजवत राहिलं तर व्हॉल्व्हचं आयुष्य घटतं. पुढच्या पॅनेलवर मेन्सचा छोटा व्होल्टमीटर लावा, वादक स्वतः बघू शकतो. स्पीकरला जॅकऐवजी लॉक होणारा स्पीकॉन कनेक्टर लावा. २०० वॉट ४ ओमात गेले की ७ अँपिअर वाहतात, शिवाय ऐन वाजवताना पिन निसटली तर मघाशी सांगितलेला धोका येतोच. ट्रान्सफॉर्मरला नायलॉक नट वापरा. हे वजन टेम्पोत घाटातून हादरत जाणार आहे. व्हॉल्व्ह उलटे टांगणार असाल तर पकडून ठेवणाऱ्या क्लिपा हव्यातच. अर्थिंगची वायर चेसिसच्या स्वतंत्र बोल्टला, दुसऱ्या कशासोबत नाही. गुणगुण आली म्हणून कुणी अर्थ काढून टाकायला सांगेल, ऐकू नका, गुणगुण दुसरीकडे शोधा.

एकदम २०० वॉटला हात घालू नका. आधी ईएल८४ या एकाच छोट्या व्हॉल्व्हचा पाच वॉटचा करा, मग पुशपुलचा, म्हणजे जोडीतले व्हॉल्व्ह आळीपाळीने काम करतात तसा, वीस वॉटचा. मधल्या काळात मंडपवाल्यांकडचे जुने ईएल३४ आणि ८०७ व्हॉल्व्हचे पीए (लाउडस्पीकरचे) ॲम्प दुरुस्तीला घ्या. पैसे फार मिळत नाहीत, पण चाळीस-पन्नास वर्षांत नेमकं काय सडतं आणि काय टिकतं ते हाताला कळतं. मला या धंद्यातलं सर्वात जास्त त्या खोक्यांनी शिकवलं आणि आज माझ्याकडे येणारी निम्मी कामं दुरुस्तीचीच असतात.

ॲम्प तयार झाला की डमी लोडवर, म्हणजे स्पीकरऐवजी जोडलेल्या मोठ्या रेझिस्टरवर, ४० हर्ट्झला पूर्ण ताकदीने अर्धा तास चालवा. ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवता आला पाहिजे. मगच तो वादकाला द्या, आणि सोबत जुळवलेल्या व्हॉल्व्हची एक जोडी आणि दोन्ही फ्यूजांचे जादा नग द्या. फ्यूजांचे आकडे मागच्या पॅनेलवर ठळक लिहा, नाहीतर मांडवातला कुणीतरी तार गुंडाळून मोकळा होतो.