मॅट वार्निशनंतर मिनिएचर पांढरट पडली: रंग न उतरवता उपाय

दिवंगत मित्राने अर्धी रंगवून ठेवलेली २८ मिमीची मिनिएचर, म्हणजे छोटी मूर्ती, त्याच्या स्मरणार्थ पूर्ण केली. पावसाळी हवेत मॅट (चमक न ठेवणारा) वार्निश स्प्रे मारला आणि काळ्या झग्याच्या चुण्यांत पांढरट थर बसला, चेहरा पिठूळ झाला. चेहऱ्यावरचं ब्रशकाम त्याचं, त्यामुळे रंग उतरवणं शक्यच नव्हतं. जीव नुसता कासावीस झाला.

ओल्या ब्रशने पुसून फरक पडला नाही. पुन्हा मॅट स्प्रे मारल्यावर थर उलट दाट झाला.

लागू पडलं ते असं. मूर्ती आधी बंद डब्यात सिलिका जेलसोबत पूर्ण वाळवली. मग पाण्यात मिसळणारं अ‍ॅक्रिलिक ग्लॉस (चकचकीत) वार्निश मऊ ब्रशने पातळ लावलं, आधी बेसच्या (मूर्तीखालच्या बैठकीच्या) कडेला तपासून. खडबडीत थरावर प्रकाश विखुरतो म्हणून तो पांढरा दिसतो. ग्लॉस त्या खाचा भरतं आणि झगा डोळ्यांदेखत पुन्हा काळा होतो. चुण्यांत साचलेलं वार्निश लगेच टिपून घ्यावं.

२४ तासांनी मॅट वार्निश, तेही ब्रशनेच. मॅट करणारी पूड तळाशी बसते, म्हणून बाटली ढवळायची. जोरात हलवली तर बुडबुडे येतात. तीन थेंबांना एक थेंब पाणी, दोन पातळ हात, मध्ये पूर्ण वाळवून. डोळे मात्र मॅटमधून वगळले.