सनद राज्याची असते, देशाची नाही

मुंबई-पुण्याहून एलएलएमसाठी अमेरिकेत आलेल्या आणि आता इथेच वकिली करायचं ठरवलेल्या मुलामुलींचे फोन दर उन्हाळ्यात येतात. घर न्यू जर्सीत एडिसनला घ्यावं की जर्सी सिटीला, न्यूयॉर्कच्या बार परीक्षेचा अभ्यास नोकरी सांभाळून होतो का, पहिला थंडीचा कोट कुठून घ्यावा. ही उत्तरं मंडळातलं कुणीही देईल. मला सांगायची आहे ती गोष्ट सहसा कुणी विचारत नाही, आणि नंतर विचारायला वेळ उरत नाही: इथे वकिलीची सनद आणि तिचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे.

आपल्याकडे बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची सनद हातात आली की नागपूरचा वकील दिल्लीतही उभा राहतो. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमधलं कलम ३० १५ जून २०११ ला अमलात आलं, तेव्हापासून तर तो हक्कच झाला. वर्तनाचे नियमही सगळ्या देशाला एकच, बार कौन्सिल ऑफ इंडियाचे. हीच सवय घेऊन आपण इथे उतरतो. इथे सनद देतं राज्य, नियम राज्याचे आणि सनद काढून घेणारंही राज्यच. न्यूयॉर्कमध्ये तो अधिकार अपेलेट डिव्हिजन या अपील कोर्टाच्या चार विभागांकडे आहे, न्यू जर्सीत तिथल्या सुप्रीम कोर्टाकडे. एमपीआरई या नीतिनियमांच्या परीक्षेत न्यूयॉर्कला ८५ गुण लागतात, न्यू जर्सीला ७५. पण ती परीक्षा मुख्यतः अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या देशव्यापी संघटनेच्या नमुना नियमांवर असते, आणि नमुना हा नमुनाच. प्रत्येक राज्याने त्यात आपल्या सोयीने काटछाट केली आहे. परीक्षेसाठी पाठ केलेला नियम तुमच्या राज्यात तसाच असेल, असं कधीही गृहीत धरू नका.

फरक किती असतो, ते मी स्वतः अनुभवलं. माझ्याकडे दोन्ही राज्यांच्या सनदा आहेत. ऑफिस मॅनहॅटनमध्ये, घर एडिसनला. काही वर्षांपूर्वी न्यू जर्सीतला एक दुकानदार पक्षकार बँकेच्या कर्जाची कागदपत्रं घेऊन आला. वार्षिक उलाढालीचा आकडा आदल्या महिन्यात मी पाहिलेल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट होता. विचारलं तर म्हणाला, "ताई, बँक एवढं कुठे बघते? सगळेच करतात."

मी कागद टेबलावर पालथा ठेवला. पक्षकाराचं गुपित राखणं हा वकिलीचा पाया, हे आपण लॉ कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून ऐकतो. पण पक्षकार पुढे गुन्हा करणार असेल, तर न्यूयॉर्कच्या वर्तन-नियमांतला नियम १.६ म्हणतो की तो टाळण्यासाठी वकील माहिती उघड करू शकतो. न्यू जर्सीचा नियम १.६ म्हणतो की दुसऱ्याचं मोठं आर्थिक नुकसान करणारी फसवणूक टाळण्यासाठी वकिलाने ती योग्य यंत्रणेला सांगितलीच पाहिजे. आणि कॅलिफोर्नियात मृत्यू किंवा गंभीर इजेचा धोका नसेल, तर नुसत्या आर्थिक फसवणुकीसाठी तोंड उघडायला परवानगीच नाही. एकच कागद, एकच पक्षकार. एका राज्यात मुभा, दुसऱ्यात सक्ती, तिसऱ्यात बंदी.

मग चालायचं कुणाच्या नियमाने? त्याचं उत्तर नियम ८.५ मध्ये आहे, आणि तो तुम्ही आजच वाचा. प्रकरण कोर्टात चालू असेल तर साधारणपणे त्या कोर्टाच्या राज्याचे नियम. एरवी नमुना नियमाप्रमाणे काम जिथे झालं तिथले. पण परिणाम मुख्यतः दुसरीकडे होणार असेल तर तिथले. पुढे एक मोलाचं वाक्य आहे: ज्या राज्यात परिणाम होईल असं वकिलाला रास्तपणे वाटलं, तिथल्या नियमांप्रमाणे तो वागला असेल, तर त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होणार नाही. परस्परविरोधी नियमांत सापडलेल्या प्रामाणिक वकिलाला एवढाच आडोसा आहे. न्यूयॉर्कच्या नियमात हे वाक्यच नाही. तिथे फक्त न्यूयॉर्कची सनद असेल तर न्यूयॉर्कचेच नियम. दोन सनदा असतील तर जिथे मुख्य वकिली करता तिथले, मात्र परिणाम स्पष्टपणे सनद असलेल्या दुसऱ्या राज्यात होणार असेल तर त्या राज्याचे.

माझ्या बाबतीत दुकान न्यू जर्सीत, बँकही न्यू जर्सीत. म्हणजे कुठूनही मोजलं तरी सक्तीचाच नियम लागू. मी त्याला समोर बसवून हे मराठीत समजावलं. गप्प राहिले तर माझी सनद जाईल, आणि अर्ज तसाच गेला तर मला कळवावं लागेल. तो चिडला, निघून गेला. दुसऱ्या दिवशी दुरुस्त केलेला आकडा घेऊन आला. अर्ज बँकेत गेलेलाच नव्हता, फसवणूक टळली होती, त्यामुळे कुणाला कळवायची वेळ आली नाही. तरी त्या संध्याकाळी मी दोन पानांचं टिपण लिहिलं: काय पाहिलं, कुठला नियम लावला, का लावला. ते आजही फाइलमध्ये आहे. "मला रास्तपणे वाटलं" हे दोन वर्षांनी नुसतं सांगून कुणी ऐकत नाही, त्या दिवशीचा कागद लागतो.

आपल्या लोकांकडून हमखास येणारं दुसरं प्रकरण गांजाच्या दुकानाचं. कुणाचा गाळा भाड्याने द्यायचा असतो, कुणाला परवाना हवा असतो. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी दोघांनीही २०२१ मध्ये प्रौढांसाठी विक्री कायदेशीर केली, पण केंद्राच्या कायद्याने तो गुन्हाच राहिला. गुन्ह्याला मदत करू नये, असं नियम १.२ सांगतो. न्यू जर्सीने वकिलांसाठी त्या नियमातच अपवाद लिहिला, आणि केंद्रीय कायद्याचीही कल्पना पक्षकाराला द्या, अशी अट घातली. न्यूयॉर्कमध्ये आधार आहे तो राज्य बारच्या नीतिसमितीच्या २०२१ च्या मत क्रमांक १२२५ चा. जॉर्जियाच्या सुप्रीम कोर्टाने मात्र त्याच वर्षी बारने सुचवलेली अशी दुरुस्ती नाकारली. अटलांटातल्या मावसभावाला "बघ, आमच्याकडे चालतं" असं सांगून सल्ला देऊ नका.

गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेणाऱ्या अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या २४ जून २०२२ च्या डॉब्स निकालानंतर गर्भपाताचा कायदा राज्यागणिक वेगळा झाला, आणि ही तेढ फार टोकदार झाली. टेक्ससचा २०२१ चा कायदा गर्भपाताला मदत करणाऱ्यावर कुणालाही किमान १०,००० डॉलरचा दावा लावू देतो. जुलै २०२२ मध्ये तिथल्या काही आमदारांनी एका मोठ्या लॉ फर्मला पत्र लिहून अशी मदत करणाऱ्या वकिलांच्या सनदा काढून घेणारा कायदा आणू, असं बजावलं. न्यूयॉर्कने परराज्यातल्या पेशंटवर उपचार करणाऱ्या आपल्या डॉक्टरांना शिस्तभंगापासून संरक्षण दिलं आहे. माझं स्पष्ट मत आहे की आपल्या राज्यात जे कायदेशीर आहे ते खरेपणाने सांगणाऱ्या वकिलालाही तेवढंच भक्कम संरक्षण सगळीकडे मिळालं पाहिजे. ते मिळेपर्यंत परराज्यातल्या बाईला सल्ला देण्याआधी तुमच्या सनदा कुठे कुठे आहेत ते मोजा. एका राज्याने निलंबित केलं की दुसरं बहुतेक वेळा त्याच आधारावर कारवाई करतं. एच-१बी व्हिसावर असाल आणि त्यापायी नोकरी सुटली, तर दुसरी सोय करायला हातात जास्तीत जास्त ६० दिवस उरतात.

न्यूयॉर्कची सनद आणि एडिसनच्या घरून काम, हे मात्र चालतं. न्यू जर्सीच्या समित्यांनी २०२१ मध्ये तसं संयुक्त मत दिलं आहे. घराबाहेर पाटी लावू नका, न्यू जर्सीचे वकील म्हणून ओळख देऊ नका, कार्डावर "सनद फक्त न्यूयॉर्कची" असं छापा.

आणि अडलात तर बारच्या नीतिविषयक हॉटलाइनला फोन करा. फोन घेणारे वकीलच असतात. पण तिथे उत्तर मिळतं ते तुम्ही स्वतः पुढे काय करणार आहात त्याबद्दल. होऊन गेलेल्या गोष्टीवर ते मत देत नाहीत, म्हणून कागद पालथा ठेवला त्याच दुपारी फोन लावा.