खिडकी बदलली तरी निवडलेला मजकूर दिसत राहावा, यासाठी

मे महिना, पत्रिकांची घाई आणि नागपूरच्या बर्डीतलं डीटीपीचं दुकान. स्क्रीनवर डावीकडे गिऱ्हाइकाने पाठवलेली नातेवाइकांची यादी, उजवीकडे पत्रिका. यादीत चार ओळी सिलेक्ट करून उजवीकडे आलो की डावीकडची खूण दिसायलाच हवी. नाहीतर कुठवर आलो होतो ते कळत नाही आणि एखादे मामा सुटतात. नाव सुटलेले मामा मांडवात काय करतात, ते नागपूरकरांना सांगायला नको.

पण दोन्हीकडची खूण सारखीच निळी असेल तर ते त्याहून वाईट. निवडलेल्या मजकुरावर कुठलंही अक्षर टाइप केलं तरी तो जातो. एका जुन्या प्रोग्रॅममध्ये पत्रिकेतली ओळ काढतोय असं समजून मी अख्खी यादी उडवली होती. कंट्रोल-झेडने लाज राखली.

म्हणजे खूण राहावी, तिचा रंग तेवढा उतरावा.

व्हीएस कोड या मजकूर आणि कोड लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये हे आपल्या हाती आहे. आधी दोन ओळी निवडा आणि दुसऱ्या खिडकीत क्लिक करा; त्याच प्रोग्रॅमच्या टर्मिनलमध्ये केलं तरी चालेल. त्यातल्या 'लाइट (व्हिज्युअल स्टुडिओ)' या रंगसंगतीत, म्हणजे थीममध्ये, निळा जाऊन इतका फिका राखाडी येतो, की पांढऱ्याशी त्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, जेमतेम १.२ ला १ भरतो (१ ला १ म्हणजे फरकच नाही). कूलरसाठी उघड्या ठेवलेल्या खिडकीतून दुपारचं ऊन आलं की तो दिसतच नाही.

मग कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून येणाऱ्या कमांडच्या यादीतून युजर सेटिंग्जची जेसन (JSON) फाइल उघडा. त्यात 'वर्कबेंच डॉट कलर कस्टमायझेशन्स' हा भाग घ्या (नसेल तर टाइप करा, सूचना आपोआप येतात) आणि आत 'एडिटर डॉट इनॲक्टिव्ह सिलेक्शन बॅकग्राउंड' निवडा. किंमत म्हणून हॅश आणि पुढे इंग्रजी डी व शून्य ही जोडी तीनदा लिहा. हा राखाडी मूळ निळ्याइतकाच गडद आहे, दोन्ही साधारण १.५ ला १. त्यामुळे खूण तेवढीच ठळक राहते, फक्त निळेपणा जातो. फाइल सेव्ह करा आणि उन्हातच तपासा. डार्क थीम वापरत असाल तर सहसा यातलं काहीच करावं लागत नाही.

स्वतः प्रोग्रॅम लिहीत असाल तर विंडोजचा साधा एडिट कंट्रोल (मजकूर टाइप करायची तयार चौकट) फोकस गेला, म्हणजे कर्सर दुसरीकडे गेला, की निवड लपवतो, हे ध्यानात ठेवा. तो बनवतानाच निवड न लपवण्याची स्टाइल द्यावी लागते. मॅकवर अशा निवडीसाठी सिस्टीमचाच वेगळा रंग आहे; तिथे स्वतःचा रंग घोटत बसू नका.