डायकास्ट रोटर बनवताना या चुका टाळा

मोटर तापते, आरपीएम पाटीपेक्षा कमी भरतात, आणि स्टेटर (मोटरचा तारा असलेला स्थिर भाग) दोनदा रिवाइंड करूनही फरक पडत नाही. अशा वेळी दोष बहुतेकदा तारेत नसतो, रोटरच्या, म्हणजे फिरणाऱ्या भागाच्या पोटात असतो. अॅल्युमिनियमचा पिंजरा (स्लॉटमधले बार आणि त्यांना दोन्ही टोकांना जोडणाऱ्या एंड रिंग) एकदा ओतला की आत काय झालं ते डोळ्यांना दिसत नाही, आणि उघडून दुरुस्तही करता येत नाही. म्हणून ओतायच्या आधी आणि लगेच नंतर काय मोजलं, यावर सगळं अवलंबून असतं.

हिशेबासाठी एक नेहमीचं मॉडेल धरू: 5 एचपी, 4 पोल, 50 हर्ट्झ. स्टेटरला 36 स्लॉट, रोटरला 28. रोटरचा व्यास 105 मिमी, बोअर 38 मिमी, स्टॅम्पिंग (पंच केलेला लोखंडी पत्रा) 0.5 मिमी जाडीचं, त्यांच्या थप्पीची लांबी 120 मिमी.

थप्पी उंचीवर लावणं

स्टॅम्पिंग रचत जायचं, पट्टीवर 120 मिमी भरले की थांबायचं, ही सर्रास चालणारी पद्धत चुकीची आहे. पंचिंग डाय बोथट झाली की स्टॅम्पिंगच्या कडेला बर, म्हणजे उभी राहिलेली धारदार कड येते. बर असलेली थप्पी फुगते, त्यामुळे उंची पूर्ण दिसते पण आत लोखंड कमी असतं. वर दाब कमी पडला तर वितळलेलं अॅल्युमिनियम पत्र्यांच्या फटींत शिरतं आणि बार एकमेकांना जोडले जातात.

थप्पी वजनावर लावा. आपल्या मॉडेलमध्ये स्लॉट वजा करून एका स्टॅम्पिंगचं क्षेत्रफळ साधारण 6,265 चौ.मिमी येतं, म्हणजे वजन सुमारे 24 ग्रॅम. स्टॅकिंग फॅक्टर (उंचीतला प्रत्यक्ष लोखंडाचा हिस्सा) 0.96 धरला तर 120 मिमीत 230 स्टॅम्पिंग बसायला हवीत. त्यांचं वजन साडेपाच किलोच्या किंचित वर जातं. वजन बरोबर आणि उंची जास्त असेल तर दाब कमी आहे किंवा बर वाढली आहे. उंची बरोबर आणि वजन कमी असेल तर कोणीतरी घाई केली आहे. सगळी स्टॅम्पिंग बर एकाच बाजूला ठेवून रचा. एखादं उलटं पडलं तरी तिथे फट राहते.

स्क्यूही (स्लॉटला दिलेला तिरकेपणा) याच टप्प्यावर बिघडतो. तो इथे एक स्टेटर स्लॉट पिच धरू, म्हणजे 10 अंश, आणि 105 मिमी व्यासावर ते साधारण 9 मिमी भरतात. मँड्रेलची (थप्पी ज्या दांड्यावर रचतात त्याची) की झिजली की हेच अंतर 6-7 मिमीवर येतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. पुढे ती मोटर सुरू होताना गुरगुरते. कधी तर 1500 च्या (4 पोल, 50 हर्ट्झच्या सिंक्रोनस वेगाच्या) सातव्या हिश्श्याला, म्हणजे 214 आरपीएमच्या आसपास रेंगाळत राहते. दर पाळीला पहिल्या थप्पीचा स्क्यू स्टीलपट्टीने मोजणं हे दोन मिनिटांचं काम आहे.

भट्टीत काहीही टाकणं

रोटरला लागतं ते 99.5 टक्क्यांच्या वरचं शुद्ध, इलेक्ट्रिकल ग्रेड अॅल्युमिनियम. ते महाग पडतं म्हणून भंगारातली हाउसिंग, पिस्टन किंवा एलएम6 या ओतीव मिश्रधातूच्या रनरचे तुकडे त्यात मिसळले जातात. एलएम6 मध्ये 10 ते 13 टक्के सिलिकॉन असतं. ते साच्यात पाण्यासारखं पळतं, कास्टिंग देखणं येतं, पण वाहकता शुद्ध धातूच्या साधारण 60 टक्क्यांवर उतरते.

पूर्ण पिंजराच अशा धातूचा निघाला तर काय होतं ते पाहा. मूळ मोटर पूर्ण लोडवर 1440 आरपीएमला चालते, स्लिप (1500 पेक्षा वेग जितका कमी तो हिस्सा) 4 टक्के. रोटरचा रोध 1.6 पट झाला की तेवढ्याच टॉर्कला स्लिप 6.4 टक्के होते आणि आरपीएम 1404 वर येतात. रोटरमधला तोटा म्हणजे एअर गॅपमधून येणारी शक्ती गुणिले स्लिप. 3.7 किलोवॉटच्या मोटरला तो सुमारे 154 वॉट असतो, आता 247 वॉट होतो. ही जास्तीची 90-95 वॉट उष्णता थेट शाफ्ट आणि बेअरिंगपाशी साठते. गंमत म्हणजे अशी मोटर सुरू होताना जास्त जोर लावते आणि करंटही कमी घेते, त्यामुळे विनालोड चाचणीत ती पास होते आणि शेतावर पंपाला जोडल्यावर रडते.

लोखंडही असंच गुपचूप शिरतं. उघडी लोखंडी पळी किंवा क्रुसिबल वितळलेल्या अॅल्युमिनियममध्ये हळूहळू विरघळत जातं. ग्राफाइटचं क्रुसिबल वापरा. पळीला कोटिंग द्या, आणि ते सुकल्यावरच पळी धातूत बुडवा. ओली पळी बुडवली तर वाफेचा स्फोट होऊन धातू अंगावर उडतो. या बाबतीत चालढकल अजिबात नको.

तापमान 700 ते 750 अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात ठेवा. त्याहून तापवला की धातू हायड्रोजन जास्त शोषतो आणि गोठताना तो बुडबुड्यांच्या रूपाने आत अडकतो. डिगॅसिंगनंतर (धातूतला गॅस काढल्यावर) वरची मळी काढा आणि मगच ओता.

पोकळ एंड रिंग आणि तुटके बार

गोठताना अॅल्युमिनियम घनफळात साधारण 6 टक्के आकसतं. स्लॉट अरुंद असल्याने बार आधी गोठतात, जाड रिंग शेवटी. गेट (धातू साच्यात शिरण्याचं तोंड) बारीक असेल, किंवा प्लंजरचा दाब लवकर सोडला, तर रिंगला भरपाईचा धातू मिळत नाही आणि ती आतून पोकळ राहते. गेटपासून लांबच्या रिंगमध्ये हवाही अडकते, कारण व्हेंट (हवा बाहेर जायच्या वाटा) आधीच्या शॉटच्या पापुद्र्याने बुजलेले असतात. व्हेंट साफ करायला ठरलेली वेळ हवी, आठवलं तेव्हा नव्हे.

थप्पीवरचं पंचिंगचं तेल आणि ओल यांचाही गॅस होतो. थप्पी ओव्हनमध्ये 300 अंशांच्या पुढे नेऊन तेल जाळून टाका आणि गरम असतानाच डायमध्ये ठेवा. गार थप्पीत धातू अर्ध्या वाटेत गोठतो, दोन्ही बाजूंनी आलेले प्रवाह एकजीव होत नाहीत, आणि बारमध्ये कोल्ड शट राहतो. अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट आकसतं, म्हणून गार होताना बारवर ताण येतो आणि बार नेमका तिथेच तुटतो.

इथेही वजनकाटाच कामाला येतो. 28 स्लॉट, प्रत्येकी 45 चौ.मिमी, लांबी 120 मिमी: बारचं घनफळ 151 घन सेंमी. बाहेरून 104, आतून 74 आणि 14 मिमी जाड अशा दोन रिंग: 117 घन सेंमी. एकूण 268, गुणिले 2.7, म्हणजे सुमारे 725 ग्रॅम. थप्पीचं वजन आधी लिहून ठेवा, गेट कापल्यावर परत करा. फरक 725 ऐवजी 690 आला तर सुमारे 13 घन सेंमी पोकळी आत आहे. तो रोटर पुढे पाठवू नका, शाफ्टचे पैसे तरी वाचतील.

शाफ्ट आणि टर्निंग

गार रोटरमध्ये शाफ्ट हातोड्याने ठोकला की तो वाकतो आणि बोअरला ओरखडे पडतात. रोटर 200 अंशांनी तापवला तर 38 मिमीचं बोअर साधारण 0.09 मिमी मोठं होतं. 0.03 ते 0.05 मिमीचा इंटरफिअरन्स (शाफ्ट बोअरपेक्षा जितका जाड ते माप) असेल तर शाफ्ट अलगद सरकतो.

बाहेरचा व्यास शाफ्ट बसवल्यावरच, बेअरिंगच्या जागांना समकेंद्री धरून टर्न करा. या मापाच्या मोटरला एअर गॅप मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच असतो, 0.05 मिमी रनआउटनेही (फिरताना होणाऱ्या डोलण्यानेही) चुंबकीय ओढ एका बाजूला वाढते. टूल धारदार हवं. बोथट टूलने पत्र्यांच्या कडा एकमेकींवर माखल्या जातात आणि पृष्ठभाग गुळगुळीत आरशासारखा दिसतो. असा चकचकीत रोटर पाहून खूश होऊ नका, पत्रे शॉर्ट झालेत. ग्राइंडिंगने तर हे आणखी वाढतं.

बॅलन्सिंग

जी2.5 या बॅलन्सिंग ग्रेडला 1500 आरपीएमवर दर किलोमागे 15.9 ग्रॅम-मिमी असमतोल चालतो. शाफ्टसकट 9 किलोच्या रोटरला एकूण 143, म्हणजे दर बाजूला 71. 45 मिमी त्रिज्येवर हा असमतोल फक्त दीड ग्रॅमच्या आसपास असतो. बॅलन्स करताना कीवेमध्ये अर्धी की ठेवा. रिकाम्या कीवेने केलेला बॅलन्स पुली चढवली की बिघडतो. वजन रिंगवरच्या पिनांना वॉशर रिवेट करून वाढवा. रिंगला ड्रिल मारून वजन घटवणं सोपं वाटतं, पण तिथला करंटचा मार्गच अरुंद होतो.

आधीच लागलेल्या मोटरमधला दोष शोधताना

पूर्ण लोडवर अँमीटरचा काटा संथ लयीत डोलत असेल तर बार तुटल्याचा संशय घ्या. 1440 आरपीएमवर ही लय सेकंदाला 4 वेळा येते, आणि करंटच्या स्पेक्ट्रममध्ये 46 व 54 हर्ट्झला शिखरं दिसतात. स्पेक्ट्रमचं यंत्र नसेल तर स्टेटरच्या दोन फेजना रेटेड व्होल्टेजच्या साधारण चौथाई सिंगल फेज द्या आणि शाफ्ट हाताने हळू फिरवा. करंट 3 टक्क्यांहून जास्त वरखाली झाला तर पिंजरा खराब आहे. काटा स्थिर, पण पूर्ण लोडवर आरपीएम पाटीपेक्षा 30-40 ने कमी असतील तर तुटका बार शोधत बसू नका. तिथे सगळा धातूच मिसळीचा आहे. मात्र हा निष्कर्ष काढण्याआधी टर्मिनलवर व्होल्टेज मोजा, कारण लांब केबलवरचा ड्रॉपही आरपीएम असेच खाली ओढतो.