हार्ट फेल्युअरमधलं एचएसपी-७० आणि दाहाच्या खुणा: नमुना न बिघडवता मोजण्यासाठी

एचएसपी-७० हे ताण-प्रथिन पेशीच्या आत काम करतं. उष्णतेने किंवा ऑक्सिजनच्या टंचाईने इतर प्रथिनांची घडी विस्कटू लागली की ते सावरून धरतं. हार्ट फेल्युअरच्या रुग्णांच्या रक्तद्रवातही ते सापडतं, पण अगदी थोडं. लाल पेशींत मात्र ते भरपूर असतं. त्यामुळे रक्त घेताना थोड्या पेशी फुटल्या तरी आकडा फुगतो, आणि तो फुगवटा नंतर कोणत्याही गणिताने काढता येत नाही.

आधी रुग्णाला विचारा: ताप, खोकला, हिरड्यांची सूज, सांधेदुखी, नुकतीच घेतलेली लस, आदल्या दिवशीचे अतिश्रम. यातलं काही असेल तर दाह त्यानेच वाढलेला असू शकतो, म्हणून तारीख पुढे ढकला. सगळ्यांचं रक्त सकाळी एकाच सुमारास, पंधरा-वीस मिनिटं बसवून घ्या.

सुई २१ गेजची, दंडाचा पट्टा एक मिनिटाच्या आत सोडलेला, ट्यूब जांभळ्या झाकणाची, म्हणजे ईडीटीएची (रक्त गोठू न देणारं रसायन). भरल्यावर ८ ते १० वेळा हळूच उलटी-सुलटी करा, हलवून घुसळू नका. सिरिंजने घेतलेलं रक्त सुईतून जोराने ट्यूबमध्ये ढकलणं हे पेशी फुटण्याचं नेहमीचं कारण. हेपरिनची (हेही रक्त गोठू देत नाही) ट्यूब टाळा. त्यात एंडोटॉक्सिनचा, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातल्या विषाचा, अंश असला तर पांढऱ्या पेशी ट्यूबमध्येच आयएल-६ हे दाहाचा निरोप देणारं प्रथिन सोडू लागतात. सीआरपी (दाहात यकृत सोडतं ते प्रथिन) सीरममध्येही, म्हणजे रक्त गोठल्यावर उरलेल्या द्रवातही, चालतं, पण बाकीच्या खुणांसाठी काही रुग्णांचं सीरम आणि काहींचा प्लाझ्मा (न गोठलेल्या रक्ताचा रक्तद्रव) अशी सरमिसळ करू नका.

तासाभरात सेंट्रिफ्यूज करा, म्हणजे यंत्रात गरगर फिरवून पेशी खाली बसवा: १५०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या १५०० पट जोर), १५ मिनिटं, ४ अंश सेल्सिअस. इथे बरेच जण ‘३००० आरपीएम’ (मिनिटाला फेरे) एवढंच लिहून ठेवतात. रोटरची त्रिज्या १५ सेंमी असेल तर ३००० आरपीएमला साधारण १५०० जी मिळतात, १० सेंमी असेल तर जेमतेम १०००. म्हणून वहीत जी लिहा. लांबून नमुना आणायचा असेल तर ट्यूब कापडात गुंडाळून थंड पेटीत ठेवा; बर्फाला थेट टेकली तर पेशी गोठून फुटतात.

वरचा प्लाझ्मा काढताना त्याच्या आणि लाल पेशींच्या मधल्या पांढऱ्या थरावर अर्धा सेंमी सोडून द्या. लोभ केला तर प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी सोबत येतात, आणि गोठवून वितळवताना त्या फुटतात. २५० मायक्रोलिटरचे भाग करून उणे ८० अंशांवर ठेवा. एक भाग एकदाच वितळवा. गोठवण्याआधी ४१४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात हिमोग्लोबिन तपासा; ते फुटलेल्या लाल पेशींतून येतं. डोळ्याला गुलाबी दिसणारा नमुना एचएसपीसाठी बाद, आणि बाद करण्याची मर्यादा निकाल पाहण्याआधी ठरलेली हवी.

एलायझाच्या (अँटिबॉडीने प्रथिन पकडून मोजणारी चाचणी) एकाच प्लेटवर रुग्ण आणि निरोगी दोघांचेही नमुने मिसळून लावा. रुग्ण एका प्लेटवर, निरोगी दुसऱ्या प्लेटवर गेले की प्लेटमधला फरक आजाराचा वाटू लागतो. प्रत्येक नमुना दोन खाचांत. दोन्हींतला फरक १५ टक्क्यांहून (सीव्ही, म्हणजे सरासरीच्या तुलनेत विचलन) जास्त आला तर पुन्हा लावा. नमुन्यात ठरावीक एचएसपी मिसळून परत किती सापडतं ते पाहा, ८० ते १२० टक्के मिळायला हवं. कमी मिळालं तर रुग्णाच्या स्वतःच्या अँटिबॉडीने ते झाकलं असण्याची शक्यता धरा. किट फक्त ताणात वाढणारं एचएसपी-७० पकडतं की पेशीत नेहमी असणारं त्याचं भावंड-प्रथिन एचएससी-७०ही, हे माहितीपत्रकात शोधा. दोन कंपन्यांच्या किटचे आकडे एका तक्त्यात घालू नका.

एचएस-सीआरपी (जास्त संवेदनशील पद्धतीने मोजलेलं सीआरपी) १ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली असेल तर कमी, ३ च्या वर जास्त. १० च्या वर गेलं तर आधी जंतुसंसर्ग शोधा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा मोजा. स्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या औषधाने ते उतरतं. एचएसपी-७० ला मात्र उपचार ठरवण्यासाठी मान्य अशी रेषा नाही, म्हणून रुग्णाच्या रिपोर्टवर ‘वाढलेलं’ असा शिक्का मारू नका. टीएनएफ हे दाहाचं आणखी एक प्रथिन वाढलेलं दिसलं म्हणून ते दाबणारं औषध सुचवणं तर धोक्याचं: २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत इन्फ्लिक्सिमॅब या टीएनएफ रोखणाऱ्या औषधाच्या १० मिलिग्रॅम प्रति किलो मात्रेने हार्ट फेल्युअरच्या रुग्णांची अवस्था बिघडली होती.

सोबत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची खूण) नोंदवा, कारण मूत्रपिंड मंदावलं की एनटी-प्रोबीएनपी रक्तात साचतं; हृदयावर ताण आला की ते आणि बीएनपी दोन्ही हृदयातून सुटतात. रुग्ण हार्ट फेल्युअरचं औषध सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन घेत असेल तर बीएनपीऐवजी एनटी-प्रोबीएनपीच मोजा. हे औषध बीएनपी तोडणारं एन्झाइम रोखतं, त्यामुळे बीएनपीचा आकडा औषधानेच चढतो.